उमेदवारीचा अर्ज : पानिपताच्या वाटेवरून

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी घरात जन्मलेल्या मुलाच्या कानावर पानिपत हे नाव बहुधा ते शाळेत जाण्यापूर्वीच पडते. परीक्षेत धुव्वा उडाला, धंदा बुडाला, निवडणुकीत अनामत गेली, की ‘पानिपत झाले’ असे म्हणून माणूस सुस्कारा सोडतो. १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाने एका गावाच्या नावाचा मराठीत वाक्प्रचार करून टाकला. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या त्या गावी मराठी प्रवासी आजही जातो, ‘काला आम’ येथील स्मारकापुढे मस्तक नमवतो आणि परत फिरतो. ते उचितच आहे. परंतु त्या स्मारकापलीकडे एक गजबजलेले कष्टकरी शहर आहे, आणि काम शिकू पाहणाऱ्या तरुणाने आवर्जून पाहावे असे पुष्कळ काही तेथे आहे.

फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी पानिपतात हातमाग उभे केले. आज तेथील पलंगपोस, गालिचे, सतरंज्या आणि पडदे देशोदेशी जातात. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी तेथे येतात. त्यांची बटणे व चेन काढून, रंगांनुसार निवड करून, त्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढले जाते, आणि त्या सुताच्या स्वस्त घोंगड्या व चादरी होतात. निवडीच्या या कामाला पुष्कळशा स्त्रिया बसतात. शहराजवळ इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण प्रकल्प १९९८ मध्ये सुरू झाला, आणि भाताच्या काडापासून इथेनॉल करणारा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, प्रकल्पांमुळे दूरच्या राज्यांतून बदलून आलेले अधिकारी आणि परंपरेने शेती करणारी कुटुंबे या एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात. या सर्वांच्या घरी एकच प्रश्न असतो : मुलाने पुढे काय करावे?

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या प्रश्नाशी बांधलेला आहे. विद्यापीठाच्या व्यवसाय-मार्गदर्शन केंद्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी विद्यार्थ्याने अर्ज कसा करावा, हा तो विषय. वरवर पाहता हा एक पानभर कागदाचा प्रश्न वाटेल. परंतु त्या पानात विद्यार्थ्याची स्वतःविषयीची जाण उघड होते, आणि घराने व शाळेने त्याला काय दिले हेही त्यातच दिसते.

प्रथम शब्दाचा विचार करू. अशा शिकणाऱ्यासाठी मराठीत ‘उमेदवार’ हा जुना आणि देखणा शब्द आहे. फारसीतील ‘उमेद’ म्हणजे आशा. आशा धरून राहणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत पगाराविना काम करीत, हात बसवीत, जागा रिकामी होण्याची वाट पाहणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. पुढे निवडणुकीने हा शब्द बळकावला. तरीही सरकारी मराठीने त्याचा मूळ अर्थ एके ठिकाणी जपून ठेवला आहे. १९६१ च्या कायद्यान्वये कारखान्यात काम शिकणाऱ्या मुलास आजही ‘शिकाऊ उमेदवार’ असेच म्हणतात. त्या दोन शब्दांत सगळे आले : शिकणेही आणि आशाही.

आता एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. ती कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या मुली अनेक घरांत आहेत. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली. वडिलांची बदली पानिपतच्या प्रकल्पात झाली, आणि पुढे तिने कुरुक्षेत्र विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम. ए.ला प्रवेश घेतला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी पानिपतातील अनेक महाविद्यालये संलग्न आहेत. जुन्या शेरशाही मार्गाने कर्नाल ओलांडून सुमारे ७० किलोमीटर गेले की कुरुक्षेत्र येते. तिला समुपदेशक व्हायचे आहे. पुस्तकातील चाचण्या तिला पाठ आहेत. मात्र समोर बसलेल्या अनोळखी मुलाशी पहिले वाक्य काय बोलावे, हे तिला ठाऊक नाही. ते शिकण्याचे ठिकाण म्हणजे मार्गदर्शन केंद्र.

अशी केंद्रे आपल्या देशात नवी नाहीत. तत्कालीन मुंबई सरकारने १९५० मध्येच मुंबईत व्यवसाय-मार्गदर्शनाचे काम हाती घेतले होते. पुढे रोजगार खात्याच्या साहाय्याने अनेक विद्यापीठांत रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे निघाली. आज बहुतेक महाविद्यालयांत ‘प्लेसमेंट सेल’ नावाची खोली असते. दोहोंच्या कामात फरक आहे. प्लेसमेंट सेल कंपन्यांना बोलावते आणि मुलाखती घडवते. मार्गदर्शन केंद्राचे काम त्याच्या अगोदर सुरू होते : विद्यार्थ्याचे ऐकून घेणे, त्याचा कल व क्षमता तपासणे, अभ्यासक्रम, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्यांची खरी माहिती त्याच्यापुढे ठेवणे, आणि निर्णय त्याचा त्याला घेऊ देणे.

अशा केंद्रात उमेदवारी करणाऱ्यास पहिल्याच दिवशी खुर्चीवर बसवून सल्ला द्यायला सांगत नाहीत, आणि सांगूही नये. आधी माहितीच्या फायली अद्ययावत करणे, सूचनाफलक लावणे, नोंदणी करणे ही साधी कामे येतात. मग अनुभवी समुपदेशकाच्या शेजारी बसून, विद्यार्थ्याची संमती असेल तेथे, मुलाखत पाहणे. त्यानंतर देखरेखीखाली गटाशी बोलणे, आणि अखेरीस एकेका विद्यार्थ्याशी. प्रत्येक भेटीची नोंद लिहायची, ती मार्गदर्शकापुढे ठेवायची, चुकले तेथे ऐकून घ्यायचे. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट केंद्राच्या दाराबाहेर न्यायची नाही, हा या कामाचा पहिला नियम. समाजकार्याच्या शिक्षणात हीच पद्धत ‘क्षेत्रकार्य’ या नावाने रुजली. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संस्थेने वर्गातील अभ्यास व वस्तीतील काम यांची सांगड घालून दिली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या मार्गदर्शन-समुपदेशन पदविकेतही प्रत्यक्ष कामाचा काही महिन्यांचा काळ राखून ठेवलेला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर ही गोष्ट मोजक्या अभ्यासक्रमांपुरती उरलेली नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत कार्यप्रशिक्षणासाठी ४ श्रेयांक ठेवलेले आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. पदवीच्या अभ्यासक्रमातही त्याला स्थान आहे. या शाळेतून बाहेर पडणारी बहुतेक मुले आता केव्हा ना केव्हा असा अर्ज करणार आहेत. त्यामुळे तो कसा करावा हे पालकांनीही जाणून घेतलेले बरे.

अर्जाचा उत्तम नमुना शोधण्यासाठी परक्या पुस्तकांकडे वळण्याची गरज नाही. मराठी समाजाच्या इतिहासातच तो आहे. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांची एक विवाहित मराठी मुलगी अमेरिकेत पोहोचली होती. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून तिने तेथील पदाधिकाऱ्यांना पत्र लिहिले. तिचे नाव आनंदीबाई जोशी. त्या पत्रात तिने आपले शिक्षण सांगितले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हेही न लपवता लिहिले. आणि आपण कशासाठी आलो आहोत ते स्पष्ट केले. पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींना वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, हा तिचा हेतू होता. स्वकीयांच्या विरोधाला न जुमानता येथवर आणणारा निर्धारच पुढेही कामी येईल, असा विश्वास तिने व्यक्त केला. तिला प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये ती पदवीधर झाली, आणि कोल्हापूर संस्थानाने तेथील रुग्णालयाच्या स्त्री-विभागासाठी तिची नेमणूक केली. त्या जागेवर रुजू होण्याआधीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, तिचे पुण्यात निधन झाले. आयुष्य तोकडे ठरले. तरी ते पत्र आजही अर्ज करणाऱ्यास वाट दाखवते.

त्या पत्राची बांधणी तीन खांबांवर उभी आहे : काय येते, काय येत नाही, आणि हे काम कशासाठी शिकायचे. आजच्या बहुतेक अर्जांत पहिलाच खांब असतो, आणि तोही गुणपत्रिकेतून उतरवलेला. ‘मी मेहनती असून गटात काम करण्याची मला आवड आहे’ हे वाक्य शंभरांपैकी नव्वद अर्जांत आले, तर वाचणाऱ्याला त्यातून कोणाचीच ओळख पटत नाही. याउलट पानिपतच्या विद्यार्थिनीने असे लिहिले तर? तिच्या वसाहतीबाहेर कपड्यांची निवड करणाऱ्या कामगारांची मुले राहतात. त्यांपैकी बारावी झालेल्या दोघांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अर्ज भरण्यास तिने मदत केली. त्या वेळी आपल्याला शुल्कमाफीचे नियम ठाऊक नव्हते, हे तिच्या ध्यानात आले. चाचणी घेणे तिला जमते. उत्तर ऐकताना मध्येच सल्ला देण्याची सवय मात्र मोडायची आहे. आठवड्यातील दोन दिवस ती देऊ शकेल, आणि हिंदी, इंग्रजी व मराठी बोलू शकते. एवढे वाचल्यावर केंद्रप्रमुखाला तिला कोणते काम द्यावे हे कळते. अर्जाकडून याहून अधिक अपेक्षा नसते.

उणीव लिहावी की लपवावी, याविषयी पालकांच्या मनात धास्ती असते. ती समजण्यासारखी आहे. स्पर्धेच्या काळात स्वतःच्या हाताने उणे कशाला मांडायचे? पण शिकण्यासाठी जागा मागणाऱ्याने शिकण्यासारखे काही उरलेलेच नाही असे भासवले, तर जागा मागण्याचे कारणच संपते. उणीव नेमकी लिहिली म्हणजे तिच्यावर काम करता येते. मोघम लिहिलेली उणीव मात्र निरुपयोगी. ‘आत्मविश्वास कमी आहे’ यापेक्षा ‘अनोळखी माणसाशी दूरध्वनीवर बोलताना अडखळायला होते’ हे वाक्य अधिक खरे आणि अधिक उपयोगाचे.

आता एका अप्रिय गोष्टीकडे वळणे भाग आहे. श्रेयांक आले तसे प्रमाणपत्रांचे दुकानही आले. ओळखीच्या कचेरीत जावे, १२० तासांचा शिक्का मारलेला कागद आणावा आणि मुलाने तो महिना शिकवणीत किंवा घरी काढावा, अशी सोय काही वडीलधारी मंडळी प्रेमापोटी करून देतात. अर्ज बाबांनी लिहिलेला, चिठ्ठी काकांची, अहवाल संगणकाने तयार केलेला, आणि सही मात्र मुलाची. यात मुलाचे गुण वाचतात, पण एका गोष्टीला तो कायमचा मुकतो. अनोळखी दारापुढे उभे राहून ‘मला हे शिकायचे आहे’ असे स्वतःच्या तोंडाने म्हणण्याची ती पहिली संधी असते. नकार पचवण्याचीही ती सर्वांत स्वस्त वेळ असते, कारण त्या वयात एका नकाराने फारसे काही बिघडत नाही. तिशीत पहिला नकार भेटला तर तो जड जातो. समुपदेशन शिकणाऱ्याच्या बाबतीत तर ही फसवणूक तिसऱ्याच्या मुळावर येते. कागदोपत्री शिकलेला समुपदेशक उद्या एखाद्या खचलेल्या मुलासमोर बसणार असतो.

चिठ्ठीविना दार उघडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दादासाहेब फाळके यांचा प्रवास आठवावा. १९१२ च्या आरंभी ते चित्रपटाचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा तेथे त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. ज्या ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे ते वाचक होते, त्याच्या कचेरीत जाऊन त्यांनी संपादकांना आपला हेतू सांगितला. संपादकांनी त्यांची गाठ चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी घालून दिली, आणि हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना दाखवला. काही दिवसांचेच ते शिक्षण. पण विचारणाऱ्याला काय विचारायचे ते पक्के ठाऊक होते. शिफारस त्यांनाही मिळालीच, पण ती त्यांच्या प्रश्नांनी मिळवली. अशी शिफारस कोणत्याही पालकाने आनंदाने मान्य करावी.

पानिपताकडेच परत पाहिले तर तेथेही असे दाखले मिळतात. उर्दूचे थोर कवी व समीक्षक अल्ताफ हुसेन हाली हे १८३७ मध्ये पानिपतात जन्मले. शिकण्याच्या ओढीने ते तरुणपणी घरी न सांगता दिल्लीस निघून गेले. पुढे लाहोरच्या सरकारी ग्रंथभांडारात इंग्रजीतून उर्दूत झालेल्या भाषांतरांची भाषा तपासण्याचे काम त्यांना मिळाले. स्वतःला इंग्रजी बेताचेच येत असूनही, त्या कामाच्या टेबलावर पाश्चात्त्य विचारांशी त्यांचा परिचय झाला, आणि उर्दू कवितेला व समीक्षेला त्यांनी नवे वळण दिले. आपल्या काळातला दाखला नीरज चोप्रा यांचा. पानिपत जिल्ह्यातील खंडरा गावचा हा मुलगा वजन कमी व्हावे म्हणून घरच्यांनी शहरातल्या मैदानावर धाडला. तेथे भाला फेकणारे खेळाडू त्याने पाहिले, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे त्याने सुवर्णपदक जिंकले. त्या मैदानाचे नाव शिवाजी स्टेडियम आहे, हे ऐकून मराठी कान सुखावतील. कल-चाचणीने भालाफेक सुचवली असती की नाही, कोण जाणे. काम चालू असलेल्या जागी मुलाचे पाऊल पडले, हे महत्त्वाचे ठरले. व्यवसाय-मार्गदर्शनाच्या केंद्रातील उमेदवारानेही हे ध्यानात ठेवावे. समोरच्या विद्यार्थ्याला माहितीपत्रक देणे सोपे असते. त्याला एखाद्या मागाजवळ, प्रयोगशाळेत किंवा मैदानावर नेऊन उभे करणे अधिक मोलाचे.

व्यवहाराच्या काही गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले प्रशिक्षण आणि कायद्याखालील शिकाऊ उमेदवारी या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीत श्रेयांक मिळतात. विद्यावेतन मिळेलच असे नाही. दुसरीत लेखी करार होतो, त्याची नोंदणी होते आणि विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवारासाठी ते दरमहा किमान ९,००० रुपये ठरवले, आणि ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरास दरमहा १०,००० रुपये ठरवले गेले. यांपैकी कशातही कायम नोकरीची हमी गृहीत धरू नये. अर्ज करण्यापूर्वी चार प्रश्न विचारून घ्यावेत : देखरेख कोण करणार, आठवड्याला किती तास, कामाचे मूल्यमापन कसे होणार, आणि प्रवासाचा व राहण्याचा खर्च कोणाचा. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, तेथे मुलाला न पाठवणेच शहाणपणाचे.

अखेरीस भाषेविषयी. मराठी माध्यमातील मुलाचा हात इंग्रजी अर्ज लिहिताना थबकतो, हे शिक्षकांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. यावर उपाय एकच : अर्ज आधी मराठीत लिहावा. आपल्याला काय येते, काय येत नाही आणि हे कशासाठी शिकायचे, हे ज्या भाषेत विचार होतो त्या भाषेत प्रथम उतरावे. विचार नितळ झाला की साधे, छोट्या वाक्यांचे इंग्रजी पुरते. मार्गदर्शनाच्या कामात तर अनेक भाषा जाणणे हे भांडवल ठरते. पानिपतसारख्या शहरात पूर्वेकडून आलेल्या कामगाराचा मुलगा, हरियाणवी बोलणारी शेतकऱ्याची मुलगी आणि बदलून आलेल्या मराठी कुटुंबातील विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. परक्या भाषेत चाचपडणे म्हणजे काय, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, तो त्यांचे अडखळणे धीराने ऐकून घेऊ शकतो.

शाळेने साठ वर्षांत हजारो मुलांना लिहायला शिकवले. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. जो ज्या कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात वा विद्यापीठात असेल, त्याने वर्षातून एका उमेदवाराला, त्याचा स्वतःचा अर्ज वाचून, आत घ्यावे. खरे काम द्यावे. आणि शिक्का मारण्यापूर्वी तास मोजावेत. पालकांकडे मागणे त्याहून लहान आहे. मुलगा किंवा मुलगी तो पानभर कागद लिहीत असेल, तेव्हा दिवा लावून द्यावा, चहा ठेवावा, आणि लेखणी मात्र त्यांच्याच हाती राहू द्यावी. अर्ज नाकारला गेला, तर घरात कोणी ‘पानिपत झाले’ असे म्हणू नये. १७६१ नंतर दहा वर्षांच्या आत माधवराव पेशव्यांच्या काळात मराठी फौजा पुन्हा उत्तरेत उतरल्या होत्या, आणि १७७१ मध्ये त्या दिल्लीत होत्या. इतिहासाच्या पुस्तकातले ते पुढचे पानही मुलांना वाचून दाखवावे, आणि दुसरा अर्ज लिहिण्यासाठी कोरा कागद पुढे ठेवावा.